एलिचपूरचा पैसा आणि माझी चिंच

१९६० साली मी चोवीस वर्षांचा होतो, आणि तांब्यातलं मला जे कळत नाही ते अकोल्यात कुणालाच कळत नाही, असा माझा पक्का समज होता. तो समज ज्याने मोडला तो नामदेव तायडे गेल्या महिन्यात गेला. चौऱ्याण्णव वर्षांचा होता. त्याच्या नातीचा फोन आला तेव्हा मी अंगणात उन्हात बसलो होतो. ती म्हणाली, "आजोबा, आमचे आबा गेले... सकाळी चहा घेतला, पेपर मागितला, आणि गेले." मी "बरं" म्हणालो. सुनेने विचारलं, कोण गेलं? तर माझ्या तोंडून निघालं, "वजनकाट्याचा बाबू." साठ वर्षांपूर्वीचं नाव. मधल्या काळात तो मोठा साहेब होऊन रिटायर झाला, त्याची मुलं नोकऱ्यांना लागली, हे सगळं मी विसरूनच गेलो होतो.

या पुरवणीत शिकलेली माणसं लिहितात हे मला माहीत आहे. मी तिसरीतून शाळा सोडली, आणि मास्तरनं काढलं नाही, मीच सोडली. पण तायडेबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलं तर तो माणूस सोज्वळ आणि मितभाषी होता असं काहीतरी लिहील, आणि ते मला चालणार नाही. म्हणून माझ्या हाताने लिहिलं. सुनेने काना-मात्रा तपासल्या. तिने बदललेल्या काही मी परत पहिल्यासारख्या करून ठेवल्या आहेत.

आम्ही तांबट. अकोल्यात आमच्या भांड्यांच्या दुकानामागेच भट्टी होती. गंज, गुंड, घागरी ठोकायच्या, आणि फुटकं तांबं मोडीत घेऊन वितळवायचं. त्याच सुमाराला शेर-पाव-छटाक जाऊन किलो-ग्राम येत होते. खेड्यावरच्या बाजारात मिरची-हळद विकणाऱ्या बाया वजनं म्हणून जुने जाड तांब्याचे पैसे वापरायच्या. ढबू पैसे म्हणत त्यांना. तीन ढबू पारड्यात टाकले की छटाकभर माल. कोणत्या बादशहाचे, कोणत्या नबाबाचे, कुणाला पत्ता नव्हता. पिढ्यान् पिढ्या ते मिरचीच तोलत होते. आता सरकारने शिक्क्याची वजनं सक्तीची केली, तशा या बाया पैशांची फडकी घेऊन आमच्याकडे मोडीत द्यायला यायच्या. आम्ही ते मुशीत टाकायचो. लाल रस झाला की बादशहा काय आणि फुटकी घागर काय, सारखंच.

एक दिवस सायकलवरून एक माणूस उतरला. खाकी पिशवी, इस्त्रीचा शर्ट, पायात वहाणा. वजनमापाच्या कचेरीत नवा लागलेला कारकून. छप्पन साली नागपूरला दीक्षेला जाऊन आलेला, घरात सरकारी नोकरीला लागलेला पहिला. ओट्याखाली उभा राहून म्हणाला, "भाऊ, मोडीत जुने पैसे येतात का तुमच्याकडं?"

"येतात न. काहून?"

"वितळवू नका. मले पाह्यजेत. मोडीचा भाव देतो."

"काय करता त्याचं?"

"वाचतो."

मी त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. "पैसे खर्च करतात, बाबू. वाचाले पेपर घ्या."

तो हसला नाही, रागावलाही नाही. खाली बसला, आणि मी बाजूला फेकलेल्या ढिगातला एक पैसा उचलून अंगठ्याने त्यावरून असा हात फिरवला, जसं एखाद्या आजाऱ्याच्या कपाळावरून फिरवावं. तेव्हापासून दर रविवारी तो यायचा. ओट्यावर बसायचा. आत ये म्हणायला मला दीड वर्ष लागलं; ते का, हे त्या काळातल्या वाचकाला सांगायला नको, आणि आजच्याला सांगितलं तर तो मला चार शब्द बोलेल. बोलू द्या. खरं आहे म्हणून लिहिलं.

सरकारी जप्तीत पोतंभर पैसे यायचे, पण त्यातला एकही त्याने कधी उचलला नाही. बाजारात एखाद्या बाईच्या तागडीत चांगला पैसा दिसला तर ड्युटी संपल्यावर, टोपी काढून, साधा गिऱ्हाईक होऊन तो परत जायचा आणि तिच्याकडून विकत घ्यायचा. बाया म्हणायच्या, सकाळी याच पैशावरून बोलून गेला आणि आता हाच विकत मागते. काही जणी त्याला थोडा सरकलेला समजत. मीही समजत होतो.

फारसी अक्षरं तो बाळापूरच्या एका म्हाताऱ्या उर्दू मास्तरांकडून शिकला होता. नाण्यातलं त्याने मला जे सांगितलं ते मी आधी उडवून लावलं आणि मग गपचूप ध्यानात ठेवलं. त्याचं पहिलं म्हणणं, जुनं म्हणजे महाग हे डोक्यातून काढ. कौंडण्यपूरकडून एक भोई मुठीभर शिशाचे तुकडे घेऊन आला होता, वर्धेच्या पुरानंतर काठाला सापडलेले. एकावर सोंड वर केलेला हत्ती होता. मी शिसं म्हणून बाजूला सारलं. तायडे म्हणाला, "दोन हजार वर्षांचं असंन हे."

"मंग तर बंगला बांधा तुमी."

"काह्याचा बंगला? ढिगानं सापडतात हे. तीन-चारशे वर्षांचा एखादा पैसा याच्याहून लय भारी पडते, एकच राह्यला असला तर."

मला हे उलटंच वाटायचं. भातकुलीकडचे एक पाटील चांदीचे रुपये मखमलीत बांधून आले होते, बापजाद्यांचं धन म्हणून. तायडेने एकेक पाहिला आणि म्हणाला, पाटील, चांदीचा भाव येईल. पाटलांचं तोंड असं झालं की मला त्यांना पाणी द्यावं लागलं. त्याच दिवशी एका हमालाच्या बायकोच्या लेकराच्या करदोड्यात चौकोनी भोकाचा एक चिनी पैसा दिसला, तिचा आजा रंगूनला होता तिथून आलेला. तायडे तो दहा मिनिटं पाहत बसला. मी म्हटलं, मागून घ्या. तो म्हणाला, "चीनमधी असे गाडीभर असतीन. पन तिच्या पोराची दीठ यानं जाते. तिच्यापाशी त्याची जे किंमत आहे ते मी देऊ शकत नाई." आणि पोराच्या पोटाला गुदगुल्या करून निघून गेला.

आणखी एक गोष्ट त्याने मला भाकरीवरून समजावली होती. टाकसाळीत पैसा पाडायचे तो ठसा मोठा, भाकरीएवढा समज; आणि तांब्याचा गोळा पुरीएवढा. घण मारला की भाकरीतला पुरीएवढाच भाग उमटणार. कुठल्या पैशावर राजाच्या नावाचा तुकडा येतो, कुठे नुसतं साल, कुठे गावाचं अर्धं नाव. ज्याच्यावर गाव पण पूर्ण आलं आणि साल पण पूर्ण आलं, तो पैसा हजारात एक. तायडेला असा एक पैसा हवा होता, आपल्या वऱ्हाडातल्या एलिचपूरच्या, म्हणजे आताच्या अचलपूरच्या, टाकसाळीचा. "दिल्ली-आग्र्याचे कोनीबी जमवते," तो म्हणायचा. "आपल्या गावात बादशहाचा पैसा पडत होता हे कोनाले ठाऊक आहे? मले ते हातात घेऊन दाखवायचं आहे."

तो त्याला मिळाला बासष्टच्या हिवाळ्यात, बाळापूरच्या बाजारात, मिरचीवाल्या एका म्हातारीच्या तागडीत. तीन पैशांतला मधला. सायकल हाणत तो सरळ दुकानात आला, घामाने भिजलेला, आणि रुमाल उघडला. मला तर काळाहिरवा बिस्किटासारखा गोळा दिसला. तो बोट फिरवून सांगत होता, हे गाव, हे साल... अमरावतीला पुढच्या रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये जुनी नाणी मांडणार होते. नागपूरचे एक अभ्यासक येणार होते, ते वऱ्हाडच्या नाण्यांवर पुस्तिका काढत होते. त्यांनी निवडलेलं नाणं पुस्तिकेत छापणार, खाली ज्याचं नाणं त्याचं नाव. वकील, डॉक्टर, जमीनदार अशीच मंडळी होती त्यात. कारकून हा एकटा. शनिवारपर्यंत त्याची खेड्यावर ड्युटी होती आणि त्याच्या खोलीच्या दाराला धड कडी नव्हती. म्हणून पैसा त्याने माझ्या दुकानातल्या लोखंडी पेटीत ठेवायला दिला.

आता पुढचं लिहितो. शनिवारी संध्याकाळी मी तो पैसा काढला. उद्या हा अमरावतीच्या मोठ्या लोकांपुढे जाणार, आणि हा असा मळकट? नवरदेवाला कुणी अंघोळ न घालता मांडवात नेतं का? आमच्या दुकानातून कळकट वस्तू कधी बाहेर गेलेली नाही, हा आमचा लौकिक. मी चिंच भिजवली, मीठ टाकलं, भट्टीची बारीक राख चाळून घेतली, आणि दोन तास बसून तो पैसा घासला. आधी हिरवा गेला, मग काळा, मग आतून जे तांबं निघालं... सांगतो तुम्हाला, उगवत्या सूर्यासारखं. मी कधी कुणासाठी इतकं मन लावून काही घासलं नव्हतं. बायकोच्या गुंडालाही नाही.

रविवारी पहाटे तो आला. मी फडकं बाजूला केलं. वाट पाहत होतो की आता म्हणेल, आता म्हणेल. तो ओट्यावर बसला. पैसा उलटा-पालटा करून पाहिला. मग म्हणाला, "तीनशे वर्षं याच्या अंगावर होती, किसन. तू एका संध्याकायी उतरवून टाकली."

"मय होता तो, बाबू."

"मय नोता. ते त्याचं कातडं होतं."

मला राग आला. केलेल्या कामाला नाव ठेवलेलं मला तेव्हा खपत नसे, आताही खपत नाही. मी म्हणालो, "चमकते ते लोकायले आवडते का नाई आवडत, मी सोता येऊन पाह्यतो." आणि दुकानाला कुलूप घालून त्याच्यासोबत बसमध्ये बसलो. अमरावतीपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसलो. मूर्तिजापूरला त्याने माझ्यासाठी भजी घेतली, ती मात्र मी खाल्ली.

हॉलमध्ये टेबलांवर पांढऱ्या चादरी आणि कापसावर नाणी. मी दाराशी, चपलांपाशी उभा राहिलो. तायडेने आपला पैसा ठेवला. दुरूनही तोच एक चमकत होता, आणि मी मनात म्हटलं, बघा. तेवढ्यात अमरावतीचे एक वकील आले. नाण्यांचा मोठा शौक होता त्यांना, काठीला चांदीची मूठ. त्यांनी पैसा उचलला, वर-खाली पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तायडे, हे टाकसाळीतून आलं की तांबटाच्या दुकानातून?"

लोक हसले. वकील बोलले ते खरंच होतं, पण त्यांना माहीत नव्हतं.

"बाळापूरच्या बाजारातून आलं, साहेब."

"नवं ओतीव आहे हे. साचा करून कुणीतरी काढलंय. असं घासून-पुसून आणलेलं अस्सल नाणं मी आजवर पाहिलं नाही. तुम्ही वजनमापाच्या कचेरीत ना? लोकांची खोटी वजनं धरता आणि स्वतः..." पुढचं त्यांनी सोडून दिलं. सोडून दिलेलं जास्त लागतं.

तायडेचे कान लाल झाले. नाणं गेलं तर गेलं, पण खोटं नाणं आणणारा म्हणून हा माणूस अकोल्याला परतणार होता, आणि सोमवारी बाजारात जाऊन बायांच्या तागड्या तपासणार होता. त्याने एक शब्द बोलायचा होता: दाराशी तो उभा आहे, त्याने घासलं. त्याने दाराकडे मान सुद्धा वळवली नाही. माझ्याकडे पाहिलं तर लोकही पाहतील, म्हणून. हे मला दिसलं. मला तिथे उभं राहवेना.

मी अनवाणी टेबलापाशी गेलो. "ओतीव म्हनता, वकीलसाहेब? ओतीव मी रोज करतो. ओतीव वस्तूच्या पाठीवर रेतीचा कन राह्यते, कितीबी घासा. अक्षराची कड मेनावानी बसते. हे पाहा, याची कड भिंतीवानी उभी आहे. आन् इथं पाहा, काठाले दोन जागी फाटलं. घनाचा दनका बसल्याबिगर तांबं असं फाटत नाई. साच्यातून फाटका पैसा काढून दाखवा मले, मी दुकान तुमच्या नावानं करून देतो."

वकीलसाहेब म्हणाले, "हे कोण?"

तेवढ्यात नागपूरचे ते अभ्यासक उठून आले. म्हातारे, बारीक, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. त्यांनी काठ पाहिला, बराच वेळ पाहिला. मग मला विचारलं, "तुम्ही म्हणता ते बरोबर वाटतं. पण मग, राव, हे इतकं चकचकीत कसं?"

सगळा हॉल माझ्याकडे. चपलांचा ढीग दिसत होता, दार उघडं होतं. तायडे पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून हळूच मान हलवत होता, की नको, राहू दे.

"म्या घासलं," मी म्हणालो.

"कशाने?"

"चिंच, मीठ आन् भट्टीची राख. दोन घंटे."

वीस-पंचवीस शिकलेली माणसं पोट धरून हसली. मला आयुष्यात इतके लोक एकाच वेळी कधी हसले नव्हते, आणि मी उभा राहून ते ऐकलं. अभ्यासक हसले नाहीत. ते भिंगातून बोलल्यासारखे म्हणाले, "नाणं अस्सल आहे. घासलं नसतं तर किंमत दुप्पट असती, पण गाव आणि साल दोन्ही इतकं स्वच्छ मी दुसरं पाहिलेलं नाही." आणि मोठ्याने वाचून दाखवलं: एलिचपूर. लोक पुढे सरकून पाहू लागले. वकीलसाहेबांनीही पाहिलं, आणि तायडेला "माफ करा" म्हणाले. माणूस वाईट नव्हता. पुढे वर्षभराने पुस्तिका आली, तिच्यात त्या पैशाच्या चित्राखाली छापलं आहे: अस्सल, नंतर घासलेले, संग्रह ना. तायडे, अकोला. माझं नाव कुठे नाही, पण त्यातला एक शब्द माझ्या कामाचा आहे.

परतीच्या बसमध्ये तायडे म्हणाला, "आज तू चारचौघात चूक कबूल केली."

"चूक म्या म्हटलंच नाई. घासलं म्हटलं."

तो हसायला लागला. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत हसत होता. थांबायचा, खिडकीबाहेर पाहायचा, परत हसायचा. पुढच्या बाकावरची बाई मागे वळून पाहत होती. मीही हसलो असेन, आठवत नाही. मला आतून एक वेगळंच टोचत होतं. तो पैसा दोन तास माझ्या हातात होता. त्या हॉलमधल्या कुणीही तो इतका वेळ हातात धरला नव्हता. त्याच्या प्रत्येक रेघेवरून माझं बोट गेलं होतं, आणि त्यावर काय लिहिलं आहे हे मला दुसऱ्याने वाचून दाखवावं लागलं.

गेल्या महिन्यात मी तायडेच्या घरी गेलो. भिक्खूंचं वंदन झालं, लोक पांगले, मग त्याच्या नातीने एक पत्र्याचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला. आबा म्हणायचे, किसनभाऊ आले की त्यांच्या हातात द्या. तो पैसा वरच होता. साठ वर्षांत त्याने परत अंग धरलं आहे, तपकिरी, काठाला जरासा हिरवा. मी उजेडाकडे धरून वाचला. "एलिचपूर." पोरगी म्हणाली, "आजोबा, तुम्हाला हे वाचता येतं? आबा तर म्हणायचे तुम्ही तिसरी." मी म्हणालो, तिसरीच. पुढचं तिला सांगितलं नाही, ते इथे लिहितो.

अमरावतीहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भट्टी पेटवली नाही. स्टेशनरीचं दुकान उघडेपर्यंत फळीवर बसून राहिलो आणि एक पाटी-पेन्सिल विकत घेतली. तायडेच्या वस्तीत मी तोवर कधी गेलो नव्हतो, आमच्या गल्लीतून कुणी जात नसे. विचारत विचारत गेलो. दारात तायडेवहिनी होत्या. मी सांगितलं, किसन आला म्हणावं.

त्यांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पैसा घासनारे का तुमी?"

"तेच."

त्या तोंडाला पदर लावून आत गेल्या. तायडे बाहेर आला, अर्ध्या गालाला साबण लावलेला, हातात वस्तरा. मी पाटी पुढे केली. "एलिचपूर लिवून द्या, बाबू."

त्याने वस्तरा खाली ठेवला. टॉवेलला हात पुसले, आत सतरंजी टाकली, मला बसवलं, शेजारी बसला आणि उजवीकडून लिहायला सुरुवात केली. मी म्हटलं, "उलटं करून राह्यले तुमी." तो म्हणाला, "तू निस्ता पाह्य." मग पाटी माझ्या मांडीवर ठेवून तो राहिलेली दाढी करायला गेला, आणि तसाच ड्युटीवर गेला. मी गिरवत राहिलो. वहिनींनी पितळी कपात चहा आणून ठेवला. मी पाटीवरची नजर न काढता तो घेतला, पाटी पुसली, आणि परत उजवीकडून सुरू केलं.